दोअमली आणि रात्री अडीचची स्क्रिप्ट

वऱ्हाडच्या इतिहासात 'दोअमली' नावाचा एक काळ आहे. १७२४ साली शकरखेड्याच्या लढाईनंतर निजामाने दख्खनमध्ये आपला जम बसवला, पण वऱ्हाडच्या वसुलीवरचा मराठ्यांचा हक्क काही गेला नाही. पुढे नागपूरकर भोसले आणि निजाम या दोघांचेही अंमलदार एकाच परगण्यात बसत. गाव एक, शेत एक, पीक एक आणि हात घालणारे धनी दोन. १८०३ च्या नोव्हेंबरात आपल्याच अकोला जिल्ह्यातल्या अडगावला लढाई झाली, डिसेंबरात गाविलगड पडला, देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख एकट्या निजामाकडे गेला. दोअमली संपली.

शाळेत हा धडा वाचला तेव्हा मला एकच प्रश्न पडला होता: मग त्या गावाची वही कोणाकडे असायची? दोघांचे अंमलदार तीच वही उघडत असतील, तर एकाने लिहिलेलं दुसऱ्याने खोडायचं नाही हे ठरवत कोण होतं?

हा प्रश्न आता मला आठवड्यातून दोनदा तरी पडतो, कारण बार्शीटाकळीतल्या एका संस्थेच्या छोट्या सर्व्हरची व्यवस्था माझ्याकडे आहे. सर्व्हर म्हणजे लोखंडी कपाटावर ठेवलेला चहाच्या ट्रेएवढा काळा डबा. त्यात एक सामायिक फोल्डर आहे आणि फोल्डरमध्ये गावातल्या जुन्या कागदांचे स्कॅन: कबरस्तानच्या नोंदवह्या, मशिदीच्या जमिनींचे उतारे, फारसी-उर्दूतले कबाले, मोडीतली काही पत्रं, निकाहनाम्यांच्या नकला. मूळ कागद ज्याचे त्याच्या घरी. दोन शिक्षक स्कॅन करतात, वाचणारे बरेच आहेत. कोणाला काय उघडता येईल आणि कोणाला काय बदलता येईल, हे ठरल्याप्रमाणे राहावं म्हणून रोज रात्री अडीच वाजता एक स्क्रिप्ट आपोआप चालते. या स्क्रिप्टची वंशावळ शोधायला गेलो, तर एक फांदी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सला निघाली आणि दुसरी आपल्या परगण्यांच्या दफ्तरात.

आधी शब्द बघा. परवानगी, मालक, हक्क, ताबा, दाखल, नक्कल, हुकूम: संगणकावरच्या परवानग्यांबद्दल मराठीत बोलायचं तर जवळजवळ प्रत्येक शब्द फारसी-अरबीतून आलेला. 'दफ्तर' तर त्याहून लांबचा प्रवासी. मूळ ग्रीक, अर्थ कमावलेलं कातडं. शिवाजी महाराजांनी दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तरी दफ्तर गेलं नाही. ते आज पहिलीतल्या पोराच्या पाठीवर आहे. मराठी ही आपली भाषा नाही असं कोणी मुसलमानाला सुनावलं, तर त्याला तलाठ्याचा एक उतारा मोठ्याने वाचायला सांगावा.

आता स्क्रिप्ट का लागते ते. एका शिक्षकांनी कबरस्तानच्या वहीची काही पानं आपल्या स्वतःच्या फोल्डरमध्ये स्कॅन केली आणि मग ती सामायिक फोल्डरमध्ये हलवली. दुसऱ्या दिवशी एका घराण्यातला मुलगा आपल्या पणजोबांची नोंद बघायला आला. फाइल दिसत होती, पण उघडत नव्हती. पडद्यावर एक ओळ: परवानगी नाही. संध्याकाळपर्यंत चौकात बातमी होती की कागद दाबला. कोणी दाबला याचीही नावं निघाली होती. शिक्षकांचा काही संबंध नव्हता. फाइल 'हलवली' की तिच्या जुन्या परवानग्या तिच्याबरोबर येतात. 'नक्कल' केली तर ती नव्या फोल्डरच्या रीतीत जन्माला येते. एकाच डिस्कवर असेल तर विंडोज असो की लिनक्स, दोन्हीकडे हेच. सून सासरी राहायला आली तरी आधार कार्डावर माहेरचाच पत्ता राहावा, तसं. संगणकाच्या दृष्टीने यात काहीच बिघडलेलं नसतं. पण ज्या गावात कबरीची जागा आणि जमिनीची हद्द कागदावर ठरते, तिथे न उघडणारी फाइल म्हणजे कोणीतरी लपवलेली फाइल.

एकाच यंत्रावर अनेक माणसं आणि त्यांचे वेगवेगळे कागद, ही अडचण सगळ्यात आधी आली ती एमआयटीमध्ये. तिथे फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली सीटीएसएस नावाची व्यवस्था दाखवली, जिच्यात एका मोठ्या संगणकावर अनेक जण एकाच वेळी काम करू शकत. प्रत्येकाचे कागद वेगळे राहावेत म्हणून पासवर्ड आला. १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या संशोधकाला संगणकावर मिळणारा वेळ पुरेना. त्याने एका शुक्रवारी पंच कार्डावर विनंती टाकली की पासवर्डची फाइल छापून द्या. शनिवारी छापील कागद तयार होता. छपाईचं काम बघणाऱ्या व्यवस्थेला 'कोण मागतंय' हे विचारायचं माहीतच नव्हतं.

पुढची गोष्ट मला जास्त आवडते. काही वर्षांनी एके दिवशी एमआयटीत जो कोणी यंत्रावर आला, त्याच्यापुढे रोजच्या सूचनेच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड छापून आले. चोरी झालीच नव्हती. दोन व्यवस्थापक एकाच फोल्डरमध्ये एकाच वेळी काम करत होते, एक जण सूचना लिहीत होता आणि दुसरा पासवर्डची यादी. लिहिण्याचं साधन दोघांच्या कच्च्या प्रतीला एकच नाव देत असे, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याच्या जागी गेला. कॉर्बाटोंनी पुढे ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात हा किस्सा सांगितला. व्यवस्थापक एकट्यानेच त्या फोल्डरमध्ये बसेल, असं गृहीत धरलं गेलं होतं. म्हणजे दोअमलीचा विचारच केलेला नव्हता.

एमआयटीतल्याच पुढच्या मल्टिक्स या व्यवस्थेने तो केला. १९६५ सालच्या तिच्या आराखड्यात प्रत्येक फाइलसोबत एक यादी होती: अमक्याने वाचावं, तमक्याने लिहावं, फलाण्याला काहीच नको. नावानिशी. हे महागडं होतं, गुंतागुंतीचंही. मल्टिक्समधून बाहेर पडलेल्या बेल लॅब्जच्या केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स केलं, त्यात ही यादी कापून टाकली. १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलात जगात दोनच प्रकारची माणसं आहेत, मालक आणि बाकीचे. 'गट' नंतर आला. तेव्हापासून आजपर्यंत तीच मांडणी: मालक, गट, बाकीचे. वाचण्याचे ४ गुण, लिहिण्याचे २, चालवण्याचा किंवा फोल्डर असेल तर आत शिरण्याचा १. तिघांचे तीन आकडे शेजारी लिहायचे. ७७० म्हणजे मालकाला आणि गटाला सगळं, बाकीच्यांना दार बंद.

सोपं आहे, म्हणून टिकलं. पण यात गट एकच. दोन धन्यांचा परगणा या तीन आकड्यांत मावत नाही. मशिदीच्या कमिटीने वाचावं-लिहावं, शाळेच्या शिक्षकांनी फक्त नवीन भर घालावी, गावकऱ्यांनी फक्त वाचावं, एवढं साधं म्हटलं तरी आकडे संपतात. मग पुन्हा मल्टिक्सची यादी आणावी लागते. विंडोज एनटीने ती १९९३ पासून ठेवली. युनिक्ससाठी तिचं सर्वमान्य मानक बनवायचं ठरलं, मसुद्यांवर मसुदे झाले आणि शेवटी ते काम मागे घेतलं गेलं. लिनक्स आजही त्या मागे घेतलेल्या मसुद्यावरच चालतं. सरकारी परिपत्रकांच्या देशात राहणाऱ्याला यात नवल वाटू नये. आमच्या डब्यात लिनक्स आहे आणि ऑफिसातले संगणक विंडोजचे. दोघांमध्ये दुभाष्या आहे सांबा, जे ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेलने १९९१ च्या डिसेंबरात लिहायला घेतलं.

या मांडणीतली एक गोष्ट मात्र प्रत्येक नवख्याला चकवते, आणि जुन्या कागदांच्या बाबतीत ती फार महत्त्वाची आहे. युनिक्समध्ये फाइल पुसून टाकायला त्या फाइलवर लिहिण्याची परवानगी लागत नाही. फोल्डरवर लिहिण्याची लागते. म्हणजे पानावर एक अक्षर खोडायची मुभा नसलेला माणूस अख्खं पान फाडून नेऊ शकतो, जर बासन उघडं असेल तर. तपासणाऱ्याचं लक्ष पानावरच्या कुलपाकडे असतं.

आता वेळेचं. रात्री अडीच वाजता उठून आकडे तपासायला माणूस बसवता येत नाही, म्हणून क्रॉन. वेळेसाठीच्या ग्रीक शब्दावरून हे नाव. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत तो होता, आणि आज बहुतेक ठिकाणी चालतो तो पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या क्रॉनचा वारस. त्याचं काम एवढंच: दर मिनिटाला जागं व्हायचं, वेळापत्रक बघायचं, या मिनिटाला काही करायचं असेल तर करायचं, नाहीतर झोपायचं. मला तो मुवक्कितासारखा वाटतो. तेराव्या शतकापासून मिसर आणि शामच्या मोठ्या मशिदींत मुवक्कित नावाचा पगारी माणूस असे, नमाजाच्या वेळा गणिताने काढणारा. दमास्कसच्या उमय्या मशिदीतला इब्न अल-शातिर हा चौदाव्या शतकातला थोर खगोलशास्त्रज्ञ त्याच नोकरीत होता. मुवक्कित अजान देत नसे. ती कधी द्यायची, ते सांगायचा.

आणि इथेच वंशावळीची दुसरी फांदी भेटते. मुघल काळातल्या मदद-ए-मआशच्या फर्मानांत एक ठरलेली ओळ असते, तिचा आशय असा की दरवर्षी या माणसाकडे नवा परवाना मागू नये. मराठी इनामपत्रांतही हीच गोष्ट येते: प्रतिवर्षी नव्या पत्राचा आग्रह धरू नये. तिला लागूनच दुसरी सूचना, की या पत्राची नक्कल उतरवून घ्यावी आणि अस्सल पत्र इनामदाराला परत द्यावं. या दोन ओळी मी किती वेळा वाचल्या असतील. पहिलीतून कळतं की परवानगी दिली म्हणजे ती टिकत नसे. अंमलदार बदलला, सुभेदार बदलला, कधी बादशहा बदलला, की कोणीतरी दारात उभा: ताजी सनद दाखवा. कागदावर हक्क कायमचा, पण रोजच्या व्यवहारात तो पुन्हा पुन्हा लावून घ्यावा लागे. औरंगजेबाने १६९० मध्ये मदद-ए-मआश वंशपरंपरेने चालेल असं ठरवून दिलं, तरी हा त्रास पुरता संपला नाही. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात १८५२ चा कायदा करून इनाम कमिशन बसवलं, तेव्हा घराघरातून बासनं सुटली. ज्यांच्याकडे कागद नव्हता त्यांची इनामं गेली.

दुसरी ओळ म्हणजे आमच्या फोल्डरचा पायाच आहे. नक्कल दफ्तरात, अस्सल घरी.

म्हणून माझं मत असं झालं आहे की परवानग्यांच्या यादीत कोणाचं नाव आहे हे विचारून पुरत नाही. यादी पुन्हा लावतो कोण, आणि कधी, हे विचारायला हवं. आमच्याकडे त्याचं उत्तर रात्री अडीचची स्क्रिप्ट आहे, त्यामुळे ती काय करते हे गावाला माहीत असलं पाहिजे.

ती अशी चालते. एक फोल्डर आहे 'आवक'. शिक्षक त्यात काहीही टाकू शकतात. दुसरं आहे 'दफ्तर'. त्यात कोणाही माणसाला लिहिता येत नाही, कमिटीच्या अध्यक्षांनाही नाही आणि रोजच्या माझ्या खात्यालाही नाही. स्क्रिप्ट आवकमधल्या फाइली दफ्तरात उतरवते. हलवत नाही, नक्कल करते, म्हणजे त्या दफ्तराच्या रीतीत जन्मतात. मग सगळं दफ्तर फिरून बघते. फोल्डरना वेगळा आकडा, फाइलींना वेगळा, कारण सगळ्यावर एकच हुकूम फिरवला तर कागदाच्या फाइलीही 'चालवण्याच्या' होऊन बसतात. जिथे आकडा यादीप्रमाणे नाही तिथे तो लावते. आणि काय होतं, काय केलं, ते एका नोंदीत लिहिते. ती नोंद सकाळी छापून फळ्यावर लागते. खरं तर स्क्रिप्टपेक्षा ही नोंदच जास्त कामाची आहे. चौकातल्या बातम्या तिने बंद झाल्या.

अपवाद मात्र स्क्रिप्टला सांगून ठेवावे लागतात. तिला कागद वाचता येत नाही. मुद्दाम झाकलेली फाइल आणि चुकून बंद राहिलेली फाइल यातला फरक तिला कळणार नाही, दोन्ही ती इमानाने उघडून ठेवेल. निकाहनामे आणि खुलानामे असे झाकलेले आहेत. त्यावर कमिटीत बरीच चर्चा झाली. बायकांची नावं आहेत, सगळ्यांना दाखवू नयेत, यावर सगळे एकमत. मग कोणाला दाखवावेत? वडिलांना, नवऱ्याला, काझींना, अशी नावं येत गेली. ज्या बाईचा निकाहनामा आहे तिचं नाव यादीत शेवटी आलं. मेहरची रक्कम त्याच कागदावर असते, आणि भांडण झालं की तो कागद सगळ्यात आधी तिलाच लागतो. आता यादीत तिचं नाव पहिलं आहे आणि तिला कोणाची सही आणावी लागत नाही. तिचं संगणकावर खातं नाही, ती ऑफिसात येते, कारकून छापून देतो. परवानगीचा हा भाग कुठल्याच आकड्यात बसत नाही.

राहिला सर्वाधिकारी पासवर्ड. तो ज्याच्याकडे, तो खरा दफ्तरदार. तो दोन तुकड्यांत दोन बंद पाकिटांत आहे, दोन घरी. परवानग्यांची यादी मराठीत छापून, सह्या करून कपाटाच्या दाराला आतून लावली आहे.

वाचण्याची परवानगी ही किरकोळ गोष्ट वाटते, पण महाराष्ट्राचा इतिहासच तिच्यावर अडला होता. पुण्याचं पेशवे दफ्तर इंग्रज सरकारच्या ताब्यात होतं आणि आपल्या अभ्यासकांना ते दीर्घकाळ मोकळं नव्हतं. राजवाड्यांसारख्या माणसाला गावोगाव फिरून लोकांच्या माळ्यावरचे रुमाल सोडावे लागले. पुढे गो. स. सरदेसायांना दफ्तर उघडून मिळालं आणि १९३० ते १९३४ या काळात त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. कागद तेच होते, शंभर वर्षं तिथेच होते. आपल्या बार्शीटाकळीच्या हेमाडपंती देवळातला शके १०९८ चा शिलालेख त्या मानाने उदार म्हणायचा: वाचायला सगळ्यांना मोकळा, लिहायला कोणालाच नाही.

लिहिण्याची परवानगी कशी विभागावी याचा चांगला नमुना आजच्या सातबाऱ्यात आहे. १ जानेवारी १९६३ ला वंशपरंपरागत पाटीलकी गेली. पण वही एकाच्या हातात नको, ही शिस्त त्याच्याही पुढची आहे. खरेदीखत झालं की तलाठी फेरफार धरतो, नमुना ९ ची नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. धरणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा आणि मध्ये ठरलेला काळ. ई-फेरफारमध्ये हेच संगणकावर आलं.

वक्फच्या बाबतीत हे सगळं २०२५ मध्ये एकदम अंगावर आलं. केंद्र सरकारचं 'उमीद' पोर्टल ६ जूनला सुरू झालं आणि सहा महिन्यांत प्रत्येक नोंदणीकृत वक्फची माहिती त्यावर चढवायची होती. तिथेही तीन पायऱ्या: मुतवल्लीने भरायचं, वक्फ मंडळाने तपासायचं, नेमलेल्या अधिकाऱ्याने मंजूर करायचं. पायऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही, आमचीही रचना तशीच आहे. अडचण वेळापत्रकाची होती. विदर्भातल्या बऱ्याच मशिदी-दर्ग्यांची जुनी नोंद धर्मादाय आयुक्तांकडची, त्याआधीचे कागद उर्दूत, त्याआधीचे फारसीत, आणि मुतवल्ली बहुधा शेतकरी किंवा निवृत्त मास्तर. १ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सरसकट मुदतवाढ नाकारली आणि अडचण असेल त्यांनी न्यायाधिकरणाकडे जावं असं सांगितलं. ६ डिसेंबरला खिडकी बंद झाली. वेळेवर चालणाऱ्या स्क्रिप्टला अस्सल कागद कोणाच्या ट्रंकेत अडकला आहे हे कळत नाही. तिला फक्त तारीख कळते.

त्या सहा महिन्यांत आमचं दफ्तर जेवढं वाचलं गेलं तेवढं आधी कधी वाचलं गेलं नव्हतं. आसपासच्या खेड्यांतले मुतवल्ली पिशवीत कागद घेऊन यायचे, शिक्षक स्कॅन करायचे, एक निवृत्त उर्दू मास्तर बाजूला बसून सर्व्हे नंबर वाचून दाखवायचे. काहींना आपल्या मशिदीच्या जमिनीचा उतारा दुसऱ्याच घराण्याने दिलेल्या बासनात सापडला. आता त्यातल्या ज्यांच्या मंजुरीची पावती येते, ती आवकमध्ये पडते आणि त्याच रात्री दफ्तरात उतरते. तिला एकदा कुलूप लागलं की ते काढण्याचा हुकूम स्क्रिप्टमध्ये नाही. त्यासाठी दोन्ही घरची पाकिटं आणावी लागतील.